पेडल खाली जातंय? आधी कारण शोधा, मग पार्ट बदला

नमस्कार मंडळी. क्लच, टर्बो आणि मायलेजचे प्रश्न या वेळी पुढच्या अंकावर टाकलेत, कारण पिकअपचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, खाली जातंय, स्पंजी झालंय अशी तक्रार बऱ्याच जणांनी पाठवलीय आणि ही तक्रार महिनाभर थांबवून ठेवण्यासारखी नाही. जवळजवळ सगळ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते, की पार्ट बदलून झालेत, पैसे गेलेत आणि तक्रार तिथंच आहे. म्हणून पहिला प्रश्न जरा सविस्तर घेतो. बाकीच्यांनीही तो वाचा, मग आपापलं उत्तर बघा.

प्रश्न: नमस्कार सर, माझी डिझेल पिकअप आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस नाही. सीझनला टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जातो, बाकी दिवस लोकल भाडं. मध्ये ब्रेक कमी लागायला लागला म्हणून मागचे लायनर नवीन टाकले, व्हील सिलेंडरला किट टाकले, तरी पेडल अर्ध्याच्या खालीच, म्हणून मेकॅनिकने मास्टर सिलेंडर पण नवीन बसवला. एअर तर कितीदा काढली. आता असं होतं की पहिल्यांदा दाबलं की पेडल खूप खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि मस्त कडक लागतं, पण थोड्या वेळाने परत पहिल्यासारखं. मेकॅनिक म्हणतोय आता बूस्टर बदलून बघू. बदलू का?
— वाचक, नारायणगाव

उत्तर: भाऊ, बूस्टर बदलू नका. बूस्टर पायाला मदत करतो, तो गेला तर पेडल मऊ होत नाही, उलट दगडासारखं कडक होतं आणि दोन्ही पायांनी दाबायची वेळ येते. तुमची तक्रार बरोबर उलटी आहे.

आता जरा नीट बघू, कारण "मऊ पेडल" म्हणून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि तिन्हींची कारणं वेगळी असतात. गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल, आणि मग पायाने अंदाज घ्या. इंजिन चालू ठेवून अंदाज घेऊ नका, चालू इंजिनवर चांगल्या गाडीचं पेडल पण थोडं खाली बसतं आणि माणूस उगाच घाबरतो. आता जर पेडल दाबताना स्प्रिंग दाबल्यासारखं लवचिक लागत असेल आणि पंप मारून थोडं वर आलं तरी तो लवचिकपणा जात नसेल, तर लाइनमध्ये एअर आहे किंवा एखादा होज पाइप फुगतोय. पेडल एकसारखं दाबून धरलं आणि ते हळूहळू तळाकडे सरकत गेलं, तर कुठेतरी ऑइल निसटतंय, बाहेर तरी नाहीतर मास्टरच्या आतल्या आत तरी. आणि तिसरा प्रकार तुमचा, पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर आणि वर आल्यावर एकदम कडक. यात ऑइलही ठीक असतं, एअरही नसते. कुठेतरी गॅप जास्त आहे, एवढंच.

कारण असं, की मास्टर सिलेंडर एका दाबात ठराविकच ऑइल ढकलू शकतो. मागचे शू (लायनर लावलेल्या कमानी, ज्या ड्रमला आतून टेकून चाक थांबवतात) ड्रमपासून लांब असले की ते सगळं ऑइल शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं, आणि तोवर तुमचा पाय खाली पोचलेला असतो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर शू पूर्ण मागे जायच्या आत पुढचं ऑइल येतं, म्हणून पेडल वर मिळतं. हे एका मिनिटात तपासता येतं, फुकटात. हँडब्रेक जोरात ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेकने शू ड्रमला टेकलेले असतात, त्यामुळे आता पहिल्याच दाबात पेडल वर आणि कडक मिळालं तर सगळा घोळ मागच्या ड्रममध्येच आहे, मास्टरपर्यंत जायची गरजच नव्हती. मला तरी तुमच्या वर्णनावरून हेच निघेल असं वाटतंय.

निघालं तर पुढे काय, ते सांगतो, कारण लायनर बदलल्यावरच हे पेडल नीट आलेलं नाही म्हणजे बसवताना काहीतरी राहिलंय. पहिलं म्हणजे अॅडजस्टर, तो दात्यांची चकती असलेला छोटा स्क्रू. डाव्या आणि उजव्या चाकाचे अॅडजस्टर दिसायला सारखे असतात पण एकाचा आटा उलटा असतो. दोन्ही ड्रम एकदम खोलले, सामान एकाच ट्रेमध्ये धुतलं आणि बसवताना अदलाबदल झाली, तर ऑटो अॅडजस्टर असलेल्या गाडीत तो शू बाहेर सरकवायच्या ऐवजी आत घेत राहतो. मग कितीही वेळा सेट करा, काही दिवसांत पेडल परत खाली. म्हणून कधीही एका वेळी एकच ड्रम खोला, दुसरा नमुना म्हणून तसाच राहू द्या.

दुसरं ड्रम. जुना ड्रम घासून आतून मोठा झालेला असतो आणि नवीन लायनरची गोलाई मूळ मापाची असते. त्यामुळे लायनर फक्त मधल्या पट्टीत टेकतो, दोन्ही टोकं हवेत राहतात, जोर दिला की शू थोडा वाकतो आणि पायाला ते मऊ लागतं. एअर काढणारा माणूस दिवसभर एअर काढत बसला तरी हे जाणार नाही. लायनर काढून बघा, चमकलेला पट्टा फक्त मध्येच असेल तर हेच आहे. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो, तिथवर ड्रम गेला असेल तर लेथवर आणखी फिरवायचा नाही, नवीन घ्यायचा. आणि दोन्ही बाजूंचा घ्यायचा, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढेल.

तिसरं हँडब्रेकची केबल. बरेच जण हँडब्रेक वर येतोय म्हणून केबल ताणतात. ती आधीच ताणलेली असली की शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि ऑटो अॅडजस्टरचं काम बिघडतं. क्रम असा ठेवा की केबल आधी पूर्ण ढिली, मग दोन्ही मागची चाकं उचलून, स्टँडवर ठेवून (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी), मागच्या प्लेटच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने चकती फिरवायची, चाक हाताने फिरेनासं झालं की थोडी मागे घ्यायची इतकी की चाक मोकळं फिरेल आणि लायनर हलकासा घासल्याचा आवाज येईल. मग पेडल चार-पाच वेळा दाबून शू मध्यभागी येऊ द्यायचे आणि परत एकदा सेटिंग बघायचं. हँडब्रेक केबल सगळ्यात शेवटी. आणि एक कळकळीची विनंती, ड्रम खोलल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ तुमच्या आणि तिथं पाने देणाऱ्या पोराच्या छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसून काढा.

समजा हँडब्रेक ओढूनही काही फरक पडला नाही. मग मला एक सांगा, "थोड्या वेळाने परत तेच" म्हणजे गाडी उभी असताना की चालवून आल्यावर? फक्त चालवून आल्यावर, विशेषतः खराब रस्त्यावरून आल्यावर पहिला दाब खाली जात असेल, तर पुढचं व्हील बेअरिंग ढिलं आहे किंवा डिस्क वाकडी आहे. डिस्क डुलते, पॅडला मागे ढकलते आणि नंतर ब्रेक मारला की पेडल आधी ते अंतर भरत बसतं. चाक उचलून वर-खाली दोन हातांनी धरून हलवा, ढिलाई हाताला लगेच कळते.

तेही नसेल तर लाइनचे तुकडे पाडायचे. तीन रबरी होज असतात, पुढच्या दोन चाकांचे दोन आणि चॅसीवरून मागच्या अॅक्सलवर उतरणारा एक. होज दाबायचा गोल जबड्याचा क्लॅम्प मिळतो, तोच वापरा, दात असलेल्या पक्कडीने दाबला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तिन्ही क्लॅम्प करून पेडल दाबा. कडक आणि वर मिळालं तर मास्टर ठीक आहे. आता एकेक क्लॅम्प सोडा, जो सोडल्यावर पेडल बसतं त्या चाकात दोष (मागचा होज असेल तर मागच्या दोन चाकांपैकी). तिन्ही दाबूनही पेडल मऊच असेल तर मास्टर किंवा तिथपर्यंतची लाइन. होज जुना, चिरलेला असेल तर मात्र क्लॅम्प न करता सरळ बदलूनच टाका, त्याचं आयुष्य तसंही संपलेलं आहे.

तुमचा मास्टर नवीन आहे म्हणून आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, बोअर (सिलेंडरच्या आतलं गोल भोक) जुन्याइतकाच आहे ना, कारण सारख्या दिसणाऱ्या मास्टरचे बोअर वेगळे असू शकतात आणि बोअर लहान आला की पेडल जास्त खाली जातं, मोठा आला की पेडल वर पण पायाला जोर जास्त. दोन, बूस्टरचा रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांत अगदी किंचित गॅप लागते. जास्त राहिली तर पेडलचा पहिला भाग फुकट जातो, अजिबात राहिली नाही तर ब्रेक धरून राहतात आणि चाकं तापतात. हे सगळं करायला अर्धा दिवस पुरतो. तोवर माल भरू नका दादा, आणि काम झाल्यावर आधी रिकाम्या मैदानात २० च्या स्पीडला ब्रेक मारून बघा, मगच रोडवर काढा.

प्रश्न: सिग्नलला ब्रेक दाबून थांबलो की पेडल हळूहळू खाली जातं, अगदी पायाखालून सरकल्यासारखं. पटकन सोडून परत दाबलं की ठीक. गाडीखाली ऑइलचा एक थेंब नाही. मेकॅनिक म्हणे एअर आहे, काढली, फरक नाही.
— वाचक, मालेगाव

उत्तर: एअर असती तर पेडल लवचिक लागलं असतं, सरकलं नसतं. तुमच्या मास्टर सिलेंडरचा आतला वॉशर गेलाय बहुतेक. पिस्टनवरचा रबरी कप घासला किंवा फाटला की दाबलेलं ऑइल त्याच्या कडेने परत मागे निसटतं, बाहेर काहीच येत नाही, टाकीतली लेव्हल पण तशीच राहते. जोरात दाबलं की कप पसरून नीट टेकतो आणि हलक्या पायाला गळतो, म्हणून हे सिग्नललाच जास्त कळतं आणि जोरात ब्रेक मारला की वाटतं सगळं ठीक आहे.

पण लेव्हल खरंच तशीच आहे का ते आठवडाभर टाकीवर खूण करून बघा. कमी होत असेल आणि बाहेर ओल नसेल तर ऑइल मास्टरच्या मागच्या सीलमधून बूस्टरमध्ये जातंय, मास्टरचे नट सोडून तो थोडा पुढे ओढला की मागे ओलं दिसेल. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला पण हात फिरवा, व्हील सिलेंडर गळत असेल तर ऑइल ड्रममध्ये साठतं, लायनर भिजतात आणि जमिनीवर यायला वेळ लागतो. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत टाकणारे आहेत, तसं करू देऊ नका, ते ऑइल लायनरच्या आत मुरलेलं असतं.

किट टाकायचं की पूर्ण मास्टर? बोअर उजेडात धरून बघा. आरशासारखा साफ असेल तर किट चालेल. खड्डे, गंज, ओरखडे दिसले तर नवीन किटचा कप त्याच खड्ड्यांवर घासून परत जाणार, मग पूर्ण सिलेंडरच घ्या. आणि जुन्या मास्टरच्या गाडीत एअर काढताना पेडल पूर्ण तळापर्यंत मारू नका. रोजच्या चालवण्यात पिस्टन जिथपर्यंत कधी जात नाही तिथं बोअरला गंज आणि घाण बसलेली असते, ब्लीडिंगच्या नादात कप तिथवर जातो आणि फाटतो, आणि आदल्या दिवसापर्यंत चांगला असलेला मास्टर एअर काढल्यानंतर गेला असं होतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे तेवढं खाली जाणारच नाही. नवीन मास्टर बसवायच्या आधी बाकावर शिकंज्यात धरून त्यातली हवा आधीच काढून घ्या, गाडीवर चढवून काढायला गेलं तर आतला बुडबुडा अडकून राहतो.

प्रश्न: आमची गाडी मलकापूरवरून आंबा घाटातून रत्नागिरीला भाजी घेऊन जाते. वर पेडल एकदम झकास असतंय, साखरप्याला खाली उतरेपर्यंत पार मऊ, दोनदा तर तळाला लागलं. खाली चहा पिऊन तासाभरानं निघालं की परत चांगलं. गॅरेजला नेली की तिथं काहीच दिसत नाही, ते म्हणतात गाडी ओके आहे. काय करावं?
— वाचक, शाहूवाडी

उत्तर: गाडी ओके नाही, ती गार असताना ओके दिसते. तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीच्या झाकणाच्या श्वासातून आणि होजच्या रबरातून सुद्धा. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवीन असताना २०५ अंशांच्या वर उकळायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चं तेच २३० वरून १५५. कोकणात ये-जा करणाऱ्या गाडीला दमट हवा जास्त, त्यामुळे हे लवकर होतं. आता घाटाचा हिशोब बघा, अडीच टनांची भरलेली गाडी ५०० मीटर खाली आली की जवळजवळ साडेतीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जायला लागते. इंजिनने ती खाल्ली नाही तर सगळी डिस्क, ड्रम आणि त्यांच्याजवळच्या सिलेंडरमधल्या ऑइलवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल वर, गॅरेजवाल्याला बिचाऱ्याला काही दिसत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. घाटात पेडल वर आणि कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर लायनर-पॅड तापून पकड सोडताहेत. पेडल मऊ आणि खाली, तर ऑइल. ड्रम तापून फुगतो त्यामुळेही थोडं पेडल खाली येतं, पण तळाला लागणं म्हणजे ऑइलच.

पूर्ण ऑइल बदला, वरवर टाकी भरून नाही तर चारही चाकांतून जुनं काळपट ऑइल निघून स्वच्छ येईपर्यंत. बाटली सीलबंद घ्या, अर्धी उघडून ठेवलेली नको. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तो टाका. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, नुसतं नाव जवळचं आहे. घाटातल्या गाडीला दर दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचंच, मॅन्युअलमध्ये त्याहून लवकर असेल तर त्याप्रमाणे. सोबत हेही बघा की खाली आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय का (हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं), कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम असेल तर ते एकटंच चाक ऑइल उकळवतं.

एअर काढताना मागच्या डाव्या चाकापासून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं, म्हणजे मास्टरपासून लांबून जवळ. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. मागच्या अॅक्सलला रॉडने जोडलेला लोड व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा) असेल तर गाडी चॅसीवर उचलून मागची चाकं लोंबकळत ठेवून एअर काढू नका, त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचं प्रेशर कमी करतो. चाकं जमिनीवर किंवा स्टँड अॅक्सलखाली. काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हला एअर काढायचं स्वतःचं निपल असतं आणि ते बरेचदा विसरलं जातं, तिथं अडकलेली एअर चारही चाकांतून काढून निघत नाही.

आणि ड्रायव्हरला सांगा, घाट ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. पूर्ण उतारभर पाय हलका ठेवून ब्रेक घासत यायचं नाही. थोडा जोरात मारायचा, स्पीड कमी करायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलला टाकून घाट उतरणारे लोक मी बघितलेत, हे फार भयंकर आहे, आणि वाचत पण नाही, गिअरमध्ये पाय उचललेला असताना आजकालची इंजिनं डिझेल बंदच करतात. खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

प्रश्न: पुतण्याने चुकून ब्रेक ऑइलच्या टाकीत स्टेअरिंग ऑइल टाकलं, अर्धी बाटली. गाडी आठवडाभर चालली, आता ब्रेक धरून राहतोय, पेडल पण विचित्र लागतं. ऑइल काढून नवीन भरलं तर चालेल का?
— वाचक, बारामती

उत्तर: नाही चालणार. स्टेअरिंग ऑइल बहुतेक खनिज तेल असतं, आणि ब्रेकचे रबर खनिज तेलाला टिकत नाहीत, फुगतात आणि मऊ पडतात. टाकीच्या झाकणाखालचं रबर काढून बघा, फुगून वाकडं झालं असेल आणि परत जागेवर बसत नसेल तर आतले सगळे रबर तसेच झालेत. मास्टर, चारही चाकांची किट, होज पाइप, एबीएस असेल तर त्याचं युनिट पण, सगळं बदलावं लागतं आणि लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन काढावे लागतात. खर्च मोठा आहे हे माहितीये मला, पण यात अर्धवट मार्ग नाही. गाडी आजपासून उभी करा. पुतण्याला रागावू नका, दोन्ही झाकणं जवळजवळ असतात, झाकणावर मार्करने मराठीत ठळक लिहून ठेवा.

प्रश्न: सकाळी पहिल्यांदा पेडल दगडासारखं कडक, गाडी चालू करून दोन-तीन मिनिटं गेली की मऊ होतं. हे मऊ पेडलच ना?
— वाचक, जालना

उत्तर: नाही, हे कडक पेडल आहे आणि नंतर जे होतं ते नॉर्मल. रात्रभरात बूस्टरचा व्हॅक्यूम गेला असेल तर सकाळी कडक लागू शकतं, पण चालू केल्यावर काही सेकंदांत ठीक व्हायला हवं, मिनिटं लागत असतील तर बघायला हवं. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा दाबा, मग पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्ट करा, पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो, त्याला ऑइल नेणारा पाइप, व्हॅक्यूमचा होज आणि बूस्टरवरचा वन-वे व्हॉल्व्ह आधी तपासा. होज चिरलेला असला तरी एवढंच लक्षण दिसतं आणि तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

प्रश्न: एबीएसवाली पिकअप आहे. पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून रिपेअर केले, तेव्हापासून पेडल स्पंजी. दोन गॅरेज फिरलो, दोघांनी एअर काढली. आता एबीएस युनिट गेलंय म्हणतात.
— वाचक, चिपळूण

उत्तर: आधी वाकून बघा, एअर काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का खाली. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली जातं, हवा वर राहते आणि खालून फक्त ऑइल निघत राहतं, एकही बुडबुडा न येता. दोघांनी एअर काढूनही पेडल स्पंजी, तेही कॅलिपर उतरवल्यानंतर लगेच, म्हणजे माझा पहिला संशय हाच. ते बरोबर असेल तर पॅड वाकडे बसलेत का, पिन सरकतात का बघा.

त्यानंतरच एबीएस. काम चालू असताना टाकी कोरडी पडली असेल तर हवा एबीएस युनिटच्या आत जाऊन बसते आणि नुसत्या पेडलने निघत नाही, स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवत एअर काढावी लागते. म्हणजे युनिट खराब नाही, त्यात हवा आहे. स्कॅनरवर हे फंक्शन असलेल्या गॅरेजला जा, तसं ब्लीडिंग झाल्याशिवाय युनिटचे पैसे देऊ नका.

प्रश्न: काका, माझे बाबा रात्री पिकअप घेऊन मार्केटला जातात. त्यांना विचारलं तर म्हणतात काही होत नाही. पण चालू गाडीत ब्रेकचं पेडल अचानक तळाला गेलं तर माणसाने काय करायचं, मला नीट सांगा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.
— वाचक, जुन्नर

उत्तर: बाळा, नक्की दाखव. पेडल तळाला गेलं तरी पाय उचलून गप्प बसायचं नाही, पटापट पंप मारायचे, गॅप किंवा वाफ असेल तर दोन-तीन पंपांत काहीतरी प्रेशर येतं. मास्टरमध्ये दोन वेगळे भाग असतात, एका लाइनचं ऑइल गेलं तरी दुसरी लाइन पेडल बरंच खाली गेल्यावर धरते, म्हणून तळाजवळ जेवढा ब्रेक लागतो तेवढा पूर्ण ताकदीने दाबून ठेवायचा. त्याच वेळी गिअर खाली आणायचे, एकेक करून, पाचवरून एकदम दोनला नाही. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइल नसलं तरी तो लागतो, पण एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते, म्हणून बटण अंगठ्याने दाबून ठेवून हळूहळू ओढायचा आणि सोडायचा. इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रल करायचं नाही, चावी तर अजिबात काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. घाटात असतील तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, जमलं तर चढाच्या किंवा मातीच्या दिशेला घ्यायची, गाडीचा पत्रा गेला तर जाऊ दे.

आणि हे होऊ नये म्हणून बाबांना रोज निघण्याआधी दोन गोष्टी करायला लाव. गाडी चालू करून पेडल आधी हलक्या पायाने आणि मग जोरात दाबून धरायचं, दोन्ही वेळा मनात तीसपर्यंत मोजायचं, ते हळूहळू खाली सरकता कामा नये. हँडब्रेक सोडल्यावर मीटरवरचा लाल ब्रेकचा दिवा विझतो का बघायचं. तो लागूनच राहिला तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ टाकीतलं ऑइल कमी झालंय, आणि ऑइल आपोआप कमी होत नाही, पॅड तरी संपलेत किंवा कुठेतरी गळतंय. तेव्हा टाकीत ऑइल भरून तसंच मार्केटला निघायचं नाही, आधी चारही चाकांच्या मागे टॉर्च मारून ओल शोधायची. ओल सापडली तर त्या रात्री माल दुसऱ्या गाडीत भरायचा आणि ही गाडी टो करूनच गॅरेजला न्यायची.